पाच दहाची गाडी

प्रॅक्टिकल साडेतीनला लागतं.
सर चंद्रपूरहून येतात, डबा खातात, मग हजेरी.
ब्युरेट धुऊन भरेपर्यंत सव्वाचार,
आणि आमच्या गावाची शेवटची गाडी पाच दहाला.
त्यानंतर जे सुटतं ते मोटारसायकलवर सुटतं.

म्हणून तीन वर्षांत
मी रंग टिकताना पाहिलेला नाही.

सुरुवात पाहिली आहे.
वरून सोडा थेंबथेंब उतरतो,
खाली चंबू मी गोल फिरवत राहते,
थेंब पडतो तिथे एक गुलाबी धागा सुटतो
आणि विरतो.
सर म्हणतात, हा नव्हे, जो राहील तो.
तो राहण्याच्या आत
मोहुर्लेबाई दारातून ओरडते,
"पोरीहो, गाडी लागली वं!"

आम्ही सहा जणी अ‍ॅप्रन पिशवीत कोंबतो.
माझा चंबू मी कुणाल निकुरेच्या हातात देते.
तो चांगला मुलगा आहे, हे लिहिलंच पाहिजे.
रात्री आठवणीने रीडिंग पाठवतो:
नऊ पॉइंट सहा, नऊ पॉइंट सहा, नऊ पॉइंट सात.
मी ते वहीत उतरवते, पट्टीने रकाने आखून.
त्याच्या वहीवर सरांचा शेरा: निरीक्षण उत्तम.
माझ्या वहीवर: अक्षर छान.

घरी म्हणतात, रस्त्यात वाघ आहे.
आहेच.
मामा तलावाच्या पाळीवर पंजे मीही पाहिले आहेत,
माझ्या तळहाताहून मोठे, चिखलात ताजे.
पण एप्रिलात पहाटे चारला
बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात
तेव्हा वाघाची आठवण कोणी काढत नाही.
माझा भाऊ त्याच रस्त्याने
रात्री साडेदहाला कॅरम खेळून येतो, शीळ घालत.
मी आईला म्हटलं,
"वाघ का आयकार्ड पाहून खाते?"
आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"वाघाचं नाव घेता येते, बाई.
लोकायचं कसं घ्याव?"

परीक्षा सकाळी होती.
पहिल्यांदाच समोर घड्याळ असून गाडी नव्हती.
बाहेरचे परीक्षक मागे हात बांधून फिरत होते.
मी चावी सोडली,
आणि आठपर्यंत सगळं मला येत होतं,
नवापर्यंतही येत होतं,
त्यापुढचं हाताला माहीत नव्हतं.
अर्धा थेंब काचेच्या टोकाशी अडवून
कसा धरायचा,
हे रीडिंगसोबत कोणी पाठवत नाही.

चंबू एकदम रानी रंगाचा झाला,
लग्नातल्या शालूसारखा भडक.

परीक्षक थांबले. हसले. तसे वाईट नव्हते.
"मुलींचा हात सावकाश असतो म्हणतात.
तुझा फार घाईचा दिसतो."
मी खाली पाहिलं.
तोंडी परीक्षेत विचारलं, रंग किती वेळ टिकायला हवा?
तीस सेकंद, सर.
बरोबर, म्हणाले. पाठांतर पक्कं आहे.

दुपारी सगळे गेल्यावर
पिशवी घ्यायला परत आत आले.
मोहुर्लेबाई टेबलं पुसत होती.
मोरीजवळ चंबू ओळीने मांडलेले, पोरांचे,
सगळ्यांत तो फिकट, जेमतेम गुलाबी,
धुतलेल्या नखासारखा.
मी वाकून पाहत राहिले.
"काय पायतं वं?"
म्हटलं, हाच तो. हाच दिसायला पाहिजे होता मला.
तिने एक उचलला, उजेडाकडे धरला,
जसा काही आजच पाहत होती.
"याच्यासाठी? बापा!
सतरा वर्सं झाले, रोज संध्याकाळी
मीच ओततो हा."
आणि ओतला.
मग पुढचा उचलून
माझ्या हातात दिला.
"थांब जराशीक," म्हणाली,
"गाडीले टाइम आहे."